ओठांवरचं बोलणं

फुलाबाईला ते पहिल्यांदा कळलं ते हंड्यामुळे.

दिवाळीच्या सुट्टीत भोरहून घरी आलेला तिचा पोरगा कुंडलिक तापानं पडला आणि पडला तो पडलाच. नसरापूरचे वैद्य दोनदा येऊन गेले. विषमज्वर आहे म्हणाले, पेजेशिवाय पोटात काही घालू नका म्हणाले. मार्गशीर्ष सरता सरता ताप उतरला. पोराच्या अंगावर मूठभर मांस राहिलं नव्हतं, पण पोर वाचलं होतं. फुलाबाईनं वेल्ह्याच्या मेंगाईला नवस बोलला होता, तो कधी फेडायचा याचाच विचार करत ती त्या सकाळी पाणी भरत होती. कुंडलिक चुलीपुढं पाठमोरा बसून पेज पीत होता. तिच्या हातून तांब्याचा हंडा निसटला आणि दगडी उंबऱ्यावर आदळला. गोठ्यातली गाय दावं ओढून उठली. ओसरीवरून सासरे चिमाजी विचारायला लागले, काय पडलं म्हणून. कुंडलिक मात्र पेज पीत राहिला.

ती त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. हळूच त्याचं नाव घेतलं, मग मोठ्यानं घेतलं. त्यानं वळून बघितलं नाही.

घर मार्गासनीचं, गुंजवणीच्या काठच्या भातखाचरांवर चालणारं. त्या घरातून इंग्रजी शाळेत गेलेला कुंडलिक पहिलाच. गावच्या मास्तरांनी हट्ट धरला म्हणून त्याला भोरला धाडलं होतं. तिथं फुलाबाईची मावसबहीण साळूबाई राहायची, तिचा नवरा संस्थानच्या पागेत होता. तिच्याकडे राहून तो तिसरी इंग्रजीपर्यंत पोचला होता. आता तो बोलायचा ते एकतर ओरडून, नाहीतर इतकं पुटपुटत की शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाऊ नये. कानात तेल घालून झालं, अंगारा लावून झाला, कुणी सांगितलेला कुठला पाला होता तो पिळून झाला. कान काही उघडले नाहीत.

कुंडलिकचा बाप रखमाजी मुळातच अबोल. जे काही बोलायची ती त्याची मिशी. तरुणपणी जत्रेतल्या फडात कुस्त्या मारायचा तेव्हापासून राखलेली, भरदार, दोन्ही टोकांना पीळ दिलेली आणि मध्ये तोंडावर अशी उतरलेली की दूध प्यायला तर मिशी आधी पिणार. गावात कुणाची साक्ष काढायची झाली तर लोक म्हणत, रखमाजीच्या मिशीची आण. पोराचं असं झाल्यावर तो आणखीच गप्प झाला. पोराकडे बघायचा, दोन शब्द तोंडातल्या तोंडात बोलायचा, पोराला कळलं नाही की मान फिरवून औताला लागायचा.

पौषाच्या शेवटी कुंडलिकनंच धोशा लावला, शाळेला जायचं. फुलाबाईनं त्याला पाठवलं. पण महिना पुरता झाला नाही तोच साळूबाईचा निरोप आला की शाळेतल्यांनी बोलावलंय, पोराला घेऊन जा म्हणतात.

नवराबायको गाडी जुंपून भोरला आली. ती शाळा म्हणजे चार-पाच मास्तरांनी मिळून भाड्याच्या घरात चालवलेली लहानशी इंग्रजी शाळा होती. मुख्याध्यापक काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, पोराच्या हुशारीचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले की ज्याला ऐकूच येत नाही त्याला शिकवायचं कसं? वर्गात नुसता बसून झुरतो. त्यापेक्षा घरी चार कामं शिकेल, तुमच्या हाताशी येईल. रखमाजीनं हात जोडले. त्याला ते पटलं होतं की नाही, फुलाबाईला कळलं नाही; मिशीआडचं तिलाही कधी कळत नसे. ती पदर तोंडाला लावून बाहेर अंगणात आली.

तिच्या मागोमाग एक किडकिडीत मास्तर बाहेर आले. कुंडलिक घरी ज्यांचं नाव घ्यायचा ते गणित आणि इंग्रजी शिकवणारे श्रीपादमास्तर हेच, हे कुंडलिकच्या लगबगीनं उठून उभं राहण्यावरून तिला समजलं. मास्तर म्हणाले की फळ्यावर गणित घातलं तर हा पोरगा सगळ्यांच्या आधी सोडवतो. मात्र शुद्धलेखन घातलं की पाटी कोरी. परवा त्यांनी सहज त्याच्यासमोर उभं राहून एक वाक्य सांगितलं, तर त्यातले अर्धे शब्द त्यानं बरोबर लिहिले. का, याचा मास्तरांना अंदाज होता, पण तो त्यांनी तिथं बोलून दाखवला नाही.

"मुख्याध्यापकांशी मी बोलतो," ते म्हणाले. "त्याला शिकवता येत नाही असं नाही, बाई. कसं शिकवायचं ते आम्हाला अजून कळलेलं नाही, एवढंच आहे."

फुलाबाईला आयुष्यभर आठवत राहिलं ते हे वाक्य. तोवर जो तो तिला पोराचं काय बिघडलंय ते सांगत होता. आपलं काही शिकायचं राहिलंय असं म्हणणारा हा पहिलाच माणूस.

मास्तरांनी तिघांना घरी नेलं. घर नीरेच्या घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. मास्तर अजून सडेफटिंग, घरात त्यांची आत्या सौदामिनीबाई तेवढ्या. लाल आलवणातल्या, ताठ पाठीच्या बाई. गल्लीतल्या बाया त्यांना आढ्यतेखोर म्हणत. हाक मारली तरी मागं वळून बघत नाही, म्हणत. सौदामिनीबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मास्तरांनी त्यांच्यासमोर उकिडवं बसून सगळी हकीगत सांगितली. मग बाईंनी फुलाबाईला जवळ बसवून घेतलं आणि ताप कधी आला, किती दिवस होता, पोरगं आधी कसं होतं, असं एकेक विचारायला सुरुवात केली. फुलाबाई सांगत होती. हंड्याचं सांगताना तिला भरून आलं. तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला आणि तशीच पुढं बोलत राहिली.

सौदामिनीबाईंनी हात पुढं करून तिला थांबवलं.

"पदर खाली घ्या, बाई. मला तुमचं बोलणं दिसत नाही."

फुलाबाईला वाटलं आपणच काही चुकीचं ऐकलं. "बोलणं दिसतं व्हय?" तिनं विचारलं.

"मला तेवढंच दिसतं," बाई म्हणाल्या. "ऐकू येणं बंद होऊन बारा वर्षं झाली."

मास्तर खाली बघत होते. घरातली ही गोष्ट बाहेर कुणाला ठाऊक नव्हती. आधीच नशिबी वैधव्य, त्यात बहिरी म्हणून गल्लीनं कीव करायला नको, म्हणून बाईंनी ती झाकून ठेवली होती. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचं, आणि ज्याचे ओठ दिसत नाहीत त्याच्याशी बोलायचंच नाही, अशी त्यांनी रीत पाडून घेतली होती. लोकांना ती आढ्यता वाटली तर वाटू दे.

मग बाईंनी कुंडलिकला समोर बसवलं. तोंडावर उजेड येईल अशा बेतानं त्या स्वतः सरकल्या आणि सावकाश, पण ओठ वेडेवाकडे न करता, त्यांनी त्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलं. गाव विचारलं. त्यानं सांगितलं. भूक लागलीय का, विचारलं. तो लाजला आणि म्हणाला, लागलीय. इतक्या मोठ्यानं म्हणाला की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायला लागला.

दाराशी उभा असलेला रखमाजी हे सगळं टक लावून बघत होता. संध्याकाळी गाडी जुंपली तेव्हा त्यानं कुंडलिकची वळकटी गाडीत टाकली नाही. ती उचलून पुन्हा साळूबाईच्या घरात नेऊन ठेवली. आणि फुलाबाईला म्हणाला, तू बी ऱ्हा थोडं दिस.

फुलाबाई शिमग्यापर्यंत राहिली. शाळा सुटली की कुंडलिक मास्तरांच्या ओसरीवर जायचा आणि ती त्याच्या मागं. सौदामिनीबाई स्वयंपाकपाणी उरकून बाहेर येऊन बसत, मधोमध भिंतीला टेकून एक आरसा ठेवत. आत माजघरात अंधार, उजेड चांगला तो ओसरीवरच. पण ओसरी म्हणजे थेट रस्त्यावर. येणारे-जाणारे बघत, काय चाललंय विचारत. चार दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं की मास्तरांची आत्या बहिरी आहे आणि एका कुणब्याच्या बहिऱ्या पोराला शिकवतेय. कुणी नाक मुरडलं, कुणी हळहळलं. बारा वर्षं झाकून ठेवलेलं बाईंनी असं चव्हाट्यावर मांडलं ते कशापायी, हे फुलाबाईला तेव्हा ध्यानात आलं नाही. पुढं कधीतरी आलं.

शिकवणी सोपी नव्हती. पान, मान आणि बाण हे तिन्ही शब्द ओठांवर अगदी एकसारखे दिसतात. कुंडलिक चिडायचा, आरसा पालथा घालायचा. बाई म्हणत, एकटा शब्द धरून बसू नकोस, अख्खं वाक्य येऊ दे. विडा म्हटलं की पान, शिकार म्हटलं की बाण. मान आपोआप उरते. गळ्यावर बोटं ठेवून आपला आवाज किती चढला ते ओळखायला त्यांनी त्याला शिकवलं. आणि समोरचा दचकला तर आपण ओरडतोय असं समज, हेही.

त्या फुलाबाईलाही शिकवत होत्या. ओरडू नका, ओरडलं की ओठ फाकतात आणि काहीच कळत नाही. पाठमोरं बोलू नका. चुलीत लाकूड सारता सारता बोलू नका. आधी त्याला हात लावा, त्याची नजर आली की मग तोंड उघडा. कळलं नाही तर तेच पुन्हा म्हणू नका, दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि "जाऊ दे, तुला न्हाई कळायचं" हे कधीही म्हणू नका. एवढं एक बाईंनी दोनदा सांगितलं.

शाळेतही हळूहळू बदल झाला. श्रीपादमास्तरांना येरझारा घालत शिकवायची सवय. ते आता खिडकीपाशी एका जागी खिळून उभे राहायला लागले. मधूनच विसरत आणि चालायला लागत, तेव्हा कुंडलिकच्या बाकावरचा आनंद नावाचा मुलगा बाकावर टिचकी मारून त्यांना आठवण देई. एक मास्तर तोंडात पान धरून शिकवत, त्यांनी तास संपेपर्यंत पान बाजूला ठेवायचं कबूल केलं, कुरकुरत का होईना. मुख्याध्यापकांनी एकदा स्वतः येऊन शुद्धलेखन घातलं. पोराची पाटी वाचून झाल्यावर ते श्रीपादमास्तरांना म्हणाले की राहू द्या त्याला.

एक दिवस दुपारी घाटावर, साळूबाईची धुणी वाळत घालताना, कुंडलिकनं फुलाबाईचा हात धरला. ती वळून त्याच्यासमोर उभी राहिली. आता हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"आई, तात्या माझ्यावर रागावलेत का?" त्यानं विचारलं. "आजारी पडल्यापासून ते माझ्याशी बोललेच नाहीत."

तिला आधी समजेना. रखमाजी बोलत होता की. थोडं का होईना, बोलत होता. गोठ्यात, खाचरात, जेवताना. मग तिच्या डोळ्यांपुढं नवऱ्याचा चेहरा उभा राहिला आणि तिला कळलं. त्याचे ओठ दिसतच नव्हते. पोराला दिसत होती ती नुसती मिशी.

शिमग्याला रखमाजी गाडी घेऊन आला. कुंडलिकलाही सुट्टी होती. कापूरहोळ मागं पडलं, पोर कडब्यावर झोपी गेलं, तेव्हा फुलाबाईनं ते नवऱ्याला सांगितलं. मुद्दाम काही मागितलं नाही. नुसतं, पोरगं असं म्हणालं, एवढंच. रखमाजीनं बैलांना चुचकारलं. फुलाबाईनं पुढं विषय काढला नाही, कारण मिशी काही साधी गोष्ट नव्हती. बाप मेल्यावर मुलगा मिशी उतरवतो. बाप धडधाकट असताना कोण उतरवील? तसं करणं म्हणजे बापाचं मरण चिंतणं.

गावात भिमा न्हावी यायचा त्या दिवशी सकाळी रखमाजी देवळापुढच्या पिंपळाखाली जाऊन बसला. भिमानं दाढी केली, आणि आता टोकं सारखी करू का, विचारलं.

"समदीच काड," रखमाजी म्हणाला.

भिमाचा हात थांबला. त्यानं हळूच विचारलं, थोरले आबा कधी गेले? रखमाजी म्हणाला, कुठं गेले न्हाईत, वरच्या खाचरात बांध घालत्यात. मग तर भिमानं वस्तराच मिटला. असलं पाप माझ्या हातून नको म्हणाला. रखमाजीनं त्याला समोर बसवलं आणि आयुष्यात बोलला नसेल एवढं तो त्या दिवशी बोलला. पोराचे कान गेलेत, पोर डोळ्यांनी ऐकतं, आणि बापाचं तोंड त्याला दिसत नाही. भिमानं पिंपळाकडे बघून हात जोडले आणि वस्तरा उघडला.

रखमाजी उघड्या ओठानं गावातून घराकडे निघाला आणि बघणाऱ्यांनी चिमाजी गेले असंच धरलं. शेजारच्या सखूबाईनं त्याला दुरून बघितलं, हातातली घागर खाली ठेवली आणि फुलाबाईच्या दारात येऊन गळाच काढला. चिमाजी कसे देवमाणूस होते, कुणाच्या अडल्यानडल्याला कसे धावायचे, हे ती सूर लावून सांगायला लागली. तिचं ऐकून दुसरी एक बाई आली. फुलाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली ती बावरलेलीच. आणि मग तिला नवरा दिसला. त्याचा वरचा ओठ पांढराफटक होता, जसा दगडाखालचा गवताचा कोंब असतो. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं तो पहिल्यांदा बघितला.

रडारड ऐकून चिमाजी खाचरातून घाईघाईनं खाली आले. आपल्याच दारात आपल्याच नावानं चाललेला विलाप त्यांनी ऐकला. सखूबाईनं त्यांना बघितलं आणि तिचा सूर मध्येच तुटला. मुलाच्या तोंडाकडे म्हाताऱ्यानं एकदा बघितलं, पायावरचा चिखल धुतला आणि ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. घरात आता काय होतंय या धास्तीनं फुलाबाई उंबऱ्यातच उभी राहिली.

रखमाजी बापाकडे गेला नाही. तो ओसरीच्या कडेला, चांगला उन्हात बसला आणि गोठ्यातून आलेल्या कुंडलिकचा हात धरून त्यानं त्याला समोर बसवलं. पोर बापाचं नवं तोंड बघून गोंधळलं होतं. रखमाजीनं थोडा वेळ ओठ नुसतेच हलवले.

"ढवळ्याला वैरण टाकलीस का रं?" त्यानं शेवटी विचारलं.

कुंडलिकनं त्याच्या ओठांकडे टक लावून बघितलं. "टाकली, तात्या," तो म्हणाला. "पाणी बी दावलं."

"किती प्याला?"

"लई प्याला. दोन बादल्या."

एवढंच बोलणं. पण रखमाजीनं तोंड फिरवलं नाही. डोळ्यांतून पाणी त्या उघड्या ओठावर उतरलं तरी तो तसाच समोर बसून राहिला, कारण तोंड फिरवलं तर पुढचं बोलणं पोराला दिसणार नव्हतं.

कोपऱ्यात चिमाजींनी मान वळवली होती. त्यांनी सगळं बघितलं होतं. मग ते म्हणाले, "माझ्यामागं जी काडायची ती माझ्या देखत काडलीस." रखमाजी उठून उभा राहिला. म्हातारा पुढं म्हणाला, "बरं झालं. मेल्यावर रडायला किती बाया येतील त्ये बी बघून झालं. दोनच आल्या."

सखूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि मग सगळेच हसायला लागले. कुंडलिकला हसण्याचं कारण कळेना. फुलाबाईनं त्याच्या खांद्याला हात लावला, त्याची नजर आली तशी त्याला अख्खी गोष्ट सांगितली, एक शब्द न गाळता. मग तोही हसला. घरातल्या हसण्यात तो आजारानंतर पहिल्यांदाच सामील झाला होता.

त्या दिवसापासून घराची बसायची पद्धतच पालटली. जेवायला ओळीनं बसायचे ते समोरासमोर बसायला लागले. दिवा कोनाड्यात असायचा तो मधोमध आला. अबोल रखमाजीला पोराशी बोलायचं म्हणून काहीतरी बोलावं लागायचं, आणि बोलता बोलता त्याला बोलायची गोडी लागली. कुस्त्यांच्या, बैलांच्या, राजगडाच्या रानात बिबट्या बघितल्याच्या गोष्टी फुलाबाई भाकऱ्या थापत ऐकायची. त्यातल्या कितीतरी तिनंही कधी ऐकल्या नव्हत्या.

वर्षं सरळ गेली असं नाही. नवे मास्तर आले की पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा समजावणं आलं. इतिहासाचे मास्तर बोलण्याच्या भरात कुठल्या कुठं निघून जात, तेव्हा आनंद आपलं लिहिलेलं पुढं सरकवी. मॅट्रिकला श्रीपादमास्तर स्वतः सर्व्हिस मोटारीत बसून कुंडलिकबरोबर पुण्याला गेले. परीक्षेच्या दालनात तोंडी सूचना देतात, त्या याला लिहून दाखवा, अशी विनंती त्यांनी केली आणि पेपर सुटेपर्यंत ते बाहेर उन्हात उभे राहिले. एवढं करून कुंडलिक इंग्रजीत नापास झाला. घर सुन्न झालं. तेव्हा रखमाजी म्हणाला की भात एका साली बुडालं म्हणून कुणी खाचर सोडून देतं का? आणि तो पोराला पुन्हा भोरला पोचवून आला. दुसऱ्या साली कुंडलिक पास झाला. अक्षर सुरेख आणि हात स्थिर, म्हणून संस्थानच्या मोजणीच्या कचेरीत त्याला नकाशे उतरवून काढायचं काम मिळालं.

दरम्यान श्रीपादमास्तरांच्या ओसरीचं नाव आसपास झालं होतं. भोंगवलीहून चंद्राबाई म्हणून एक बाई आपल्या गेनूला घेऊन आली. त्याचे कान उत्तम होते, पण अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढं नाचत. उलटीसुलटी लिहायचा, आणि शाळेत रोज मार खायचा. घरी बाप त्याला मठ्ठ म्हणायचा. योगायोगानं फुलाबाई त्या दिवशी भोरलाच होती. चंद्राबाई पदरानं डोळे टिपत होती. फुलाबाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं तिला जे सांगितलं ते दुसरं कुणी सांगू शकलं नसतं. "पोरगं हाय तसंच हाय, बाई. आपुनच जरा हिकडं सरकायचं." मास्तरांनी गेनूला तोंडी उत्तरं द्यायला लावली, तेव्हा दिसलं की त्याला सगळं येतंय. तो मॅट्रिक काही झाला नाही. चौथी इंग्रजीनंतर घरीच बसला. पण मार थांबला आणि बाप त्याला चारचौघांत नावानं हाक मारायला लागला. चंद्राबाईला तेवढंही पुष्कळ वाटलं.

कुंडलिकच्या नोकरीच्या पहिल्या साली भात चांगलं पिकलं. नवा आंबेमोहर कांडून झाल्यावर फुलाबाईनं त्यातला निवडून एक गाठोडं बांधलं आणि ती भोरला गेली. सौदामिनीबाई आता थकल्या होत्या, पण पाठ तशीच ताठ होती. ओसरीवर गल्लीतल्या तीन-चार बाया वाती वळत बसल्या होत्या. बाईंचं गुपित उघडं झाल्यापासून त्या येऊन बसत असत आणि त्यांच्याशी बोलायचं झालं तर गुडघ्याला हात लावून, तोंड पुढं करून बोलत असत. आढ्यतेखोर असं आता कुणी म्हणत नव्हतं.

फुलाबाईनं गाठोडं ठेवलं आणि समोर बसली. वाटेत तिनं मनात सगळं घोळवलं होतं. पण इतक्या बायांच्या देखत ते बोलायची तिला लाज वाटली. उपकार असे चारचौघांत मोजून दाखवायचे असतात का? ती नुसतीच बाईंकडे बघत राहिली. आणि मग तिच्या ध्यानात आलं की यांच्याशी बोलायला आवाज लागतच नाही.

तिनं पदर खाली घेतला आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलायला सुरुवात केली. माझं पोर तापातून देवीनं वाचवलं, पण माझ्या हाती परत दिलं ते तुम्ही. तुमची झाकली मूठ तुम्ही माझ्या पोरासाठी उघडलीत, आत्याबाई. ते मला तेव्हा उमगलं नाही, आता उमगतंय. माझ्या घरातला माणूस बोलायला लागला तोही तुमच्यामुळं. म्या काय देऊ तुमाला? तांदूळ आणलेत.

सौदामिनीबाई शेवटच्या शब्दापर्यंत तिच्या ओठांकडे बघत होत्या. त्यांनीही आवाज काढला नाही. त्यांचे ओठ सावकाश हलले, आणि इतक्या वर्षांत फुलाबाईलाही ते वाचता यायला लागलं होतं.

बारा वर्षं माझ्यासमोर कुणी बसत नव्हतं, बाई म्हणत होत्या. तुम्ही येऊन बसलात आणि मग सगळेच बसायला लागले. उपकार कुणी कुणावर केले ते राहू दे.

वाती वळणाऱ्या बायांना वाटलं, दोघी मिळून कसला तरी जप करताहेत. त्या आदबीनं गप्प राहिल्या.

सौदामिनीबाईंनी गाठोड्याची गाठ सोडली, मूठभर तांदूळ नाकाशी नेले आणि डोळे मिटून वास घेतला. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, की श्रीपाद शाळेतून येतच असेल, कुंडलिकलाही कचेरीतून बोलावून घ्या, आणि आज जेवल्याशिवाय जायचं नाही. फुलाबाई उठली आणि पोराला बोलवायला कचेरीच्या वाटेला लागली.